आडव्या तालमीची माती

१

त्या दिवशी पंचगंगेवरनं धुकं उठलं आणि थेट आमच्या गल्लीत येऊन बसलं. पौषातली थंडी. समोरच्या तानाबाईच्या म्हशी दिसत नव्हत्या, नुसता त्यांच्या साखळ्यांचा आवाज येत होता. नदीपलीकडं कुठंतरी गुऱ्हाळ पेटलं असणार, धुक्यात काहिलीतल्या रसाचा वास मिसळला होता. तालमीच्या दाराची लोखंडी कडी एवढी गार, की धोतराचा सोगा धरून ती सरकवावी लागली.

आमची तालीम गल्लीला आडवी बांधलेली, म्हणून आडवी तालीम. तिथली माती राखायचं काम माझ्याकडं. सकाळी दार उघडायचं, मारुतीपुढं दिवा लावायचा, हौदा खणायचा. हौदा म्हणजे कुस्ती खेळायची लाल मातीची जागा. त्या मातीत ताक जातं, तेल जातं, हळद आणि लिंबू जातं. ती रोज वरखाली करावी लागते, नाहीतर दगड होते. संध्याकाळी पोरं गेली की फळी ओढून सपाट करायची, कुलूप लावायचं आणि घरी जायचं. पोरं आता थोडीच येतात, बाकीची मॅटवर जातात. तरी माती खणावी लागतेच. देवाला कुणी आलं नाही म्हणून पुजारी पूजा चुकवतो का?

दिवा लावला आणि वळलो. हौद्याच्या मधोमध एक पाठ उमटली होती.

दोन रुंद खांदे, मधे कण्याची पन्हळ, वर डोक्याच्या मागच्या बाजूचा खळगा, खाली टाचांच्या दोन खुणा. चितपट झालेल्या गड्याचा असाच ठसा पडतो, जन्मभर बघत आलोय. पण गडी चितपट होतो तेव्हा त्याच्यावर दुसरा असतो. त्याचे गुडघे रुततात, पंजे रुततात, आजूबाजूची माती नांगरल्यागत होते. इथं तसं काही नव्हतं. फळीच्या रेघा चारी बाजूंनी जशाच्या तशा होत्या. त्या पाठीपर्यंत जाणारं पाऊल नव्हतं आणि तिथून उठून येणारंही नव्हतं.

मी बराच वेळ उभा राहिलो. मग खोरं उचललं आणि माती वरखाली केली. दुसरं काय करणार?

२

"कुणीतरी पिऊन पडलं असंल आप्पा," तानाबाई म्हणाली. ती धार काढत होती, मी भांडं घेऊन उभा होतो. "तुमची मऊ माती. फुकटची गादी."

"कुलूप हुतं की दाराला."

"मग मांजर असंल."

"मांजराची पाठ एवढी रुंद?"

"मग बोका असंल," असं म्हणून ती स्वतःच हसली आणि भांड्यात दुधाची धार जरा जास्तच सोडली. तानाबाईचं असं आहे. तोंड फाटकं, हात सढळ.

मलाही तसंच काहीतरी असावं असं वाटत होतं. ओल वर आली असेल. महापुरात तालमीत छातीभर पाणी होतं, त्याची रेघ अजून भिंतीवर आहे. आतून पोकळ झालेली जमीन बसली असेल. जमीन बसली तर बसू दे, पण ती खांद्याच्या आकाराची कशी बसेल, एवढंच माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी पाठ पुन्हा होती. तिसऱ्याही.

मग मी राजवीरला सांगितलं. राजवीर आमच्या तालमीचा सेक्रेटरी, कोपऱ्यावर मोबाईलचं दुकान आहे त्याचं. पोरगं धडपडं. आमची मागची भिंत गरोदर बाईसारखी पुढं आलीय, तुळया वाळवीनं खाल्ल्यात, आणि इमारत धोकादायक आहे, उतरवा, अशी नोटीस दाराला चिकटलेली. उतरवली की तिथं गाड्या लावायला जागा होणार, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. राजवीरनं वर्षभर खेटे घालून पुण्याची एक संस्था गाठली होती. जुन्या वास्तू आणि त्यातल्या जुन्या वस्तू जतन करायला ती निधी देते. त्यांचं माणूस तपासणीला यायचं होतं. त्यांनी हो म्हटलं तर तालीम राहणार, नाहीतर संपली.

"आप्पा, पाया पडतो तुमच्या," राजवीर म्हणाला. "ह्ये पाठीबिठीचं कुणाला बोलू नगा. पलीकडच्या तालमीतली पोरं असणार. आपल्याला निधी मिळायलाय, ते बघवंना झालंय त्यास्नी."

त्यानं नवं कुलूप आणलं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. सकाळी आम्ही दोघांनी मिळून दार उघडलं.

राजवीरनं त्या पाठीकडं बघितलं. मग माझ्याकडं. "खणा की, उभं काय ऱ्हायलासा," म्हणाला, किल्ली माझ्या हातात दिली आणि बाहेर जाऊन स्कूटरवर बसला.

३

तपासणीला बाई आली. अनुजा नाव. वास्तूंचं शिकलेली, तिशीच्या आतबाहेरची, पायात बूट, पाठीवर पिशवी. मी मॅडम म्हणून हात जोडले तर म्हणाली, "मॅडम काय ओ आप्पा, मी आजऱ्याची हाय. बाबा काजूच्या कारखान्यात हुते माझे." आणि पिशवीतून काजूची पुडी काढून मला दिली. पुण्यात राहून तिची बोली बदलली होती, पण घरचं माणूस भेटलं की पुन्हा जागेवर येत होती.

काम मन लावून करायची. भिंतीवर बोटांनी टकटक करून कान लावायची. तुळईत सुई टोचायची. वरच्या खोलीतल्या गदा, फिरवायचे लाकडी करेले, दगडी नाल, जुने फेटे, काचेतले फोटो, एकेक वस्तू पांढऱ्या कापडावर ठेवून तिचा फोटो काढायची. नाल उचलायला गेली आणि हलला नाही तेव्हा मोठ्यानं हसली. "ह्यो गळ्यात घालून बैठका मारायची माणसं? खायची तरी काय?"

दुपारी हौद्यापाशी आली. म्हणाली, "आप्पा, संस्थेच्या यादीत भिंती येतात, छप्पर येतं, वस्तू येतात. माती येत नाही. पण माती काढून टाकली तर राहील ती नुसती खोली. ही मातीसुद्धा जतन करायची वस्तू आहे असं मी लिहिणार. त्यात काय काय आहे ते तपासून घ्यायला पाहिजे. थोडीशी नेऊ?"

मला इतकं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. "न्हे की पोरी," म्हणालो आणि खोरं आणायला वळलो.

वळताना दिसलं. हौद्याच्या काठावर, अगदी तिच्या पायापाशी, मूठभर माती ठेवलेली होती. नीट दाबून ठेवलेली, चार बोटांच्या खाचा तिच्यात उठलेल्या. ती मी ठेवली नव्हती. सकाळी काठ मी ओल्या हातानं पुसून घेतला होता.

"ही चालेल की," अनुजा म्हणाली. वाकली, ती मूठभर माती उजव्या हातात घेतली आणि पिशवीत भरली.

आमच्यात कुस्ती ठरते ती तोंडानं नाही. एक गडी चिमूटभर माती उचलून दुसऱ्यापुढं धरतो. दुसऱ्यानं ती हातात घेतली की जोड लागली. मग माघार नाही. घेतलेली माती परत देता येत नाही. हे तिला कुठनं ठाऊक असणार? आणि तिला सांगायचं तरी काय? समोर कुणी नव्हतंच.

एवढ्यात शड्डू ठोकल्याचा आवाज आला. मांडीवर पंजा आपटल्याचा, भरदार, ओला. वरच्या तुळईपर्यंत घुमला.

"कबुतर का?" अनुजानं वर बघत विचारलं.

"व्हय," मी म्हणालो.

४

दुसऱ्या सकाळी पाठ नव्हती. मला हायसं वाटलं, मारुतीला आणखी एक वात लावली. मग उजेड वाढला आणि दोन पावलं दिसली. हौद्याच्या मधे, थोडी फाकलेली, बोटं रुतलेली, दाराकडं तोंड करून. पवित्रा घेऊन गडी उभा राहतो तशी.

अनुजा आली तेव्हा उजवा तळहात चोळत होती. "लॉजच्या पाण्यानं निघेना झालाय हा रंग. तुमची माती चिवट आहे आप्पा."

"लिंबू लावून बघ," मी म्हणालो.

लिंबानं रंग गेला नाही. दुसऱ्या दिवशी ती मान तिरकी धरून आली. उशी बरोबर नव्हती म्हणाली. कागदावर वाकली तेव्हा मला तिची मान दिसली. केसांच्या खाली, मानेच्या मागच्या बाजूला, लाल मातीचा फराटा होता. चार बोटांचा. कुस्ती सुरू झाली की गडी पहिल्यांदा समोरच्याच्या मानेत हात घालतो आणि त्याचं वजन जोखतो, तिथंच.

मी माझ्या मनाला समजावलं. बाई माणूस, केस सावरताना स्वतःचाच हात लागला असेल. मातीत काम करतेय. मी म्हातारा, रोज तेच बघतो, म्हणून मला सगळीकडं तेच दिसतं.

तसं समजावून झोपलो. सकाळी गेलो तर हौद्यात दोन जोड्या होत्या पावलांच्या. एक ती, मोठी. तिच्यासमोर दुसरी, लहान, अनवाणी, नाजूक बोटांची. टाचा मागं सरकलेल्या, माती ढकललेली. कुणीतरी कुणालातरी रेटत होतं.

अनुजा आल्यापासून एकदाही हौद्यात उतरली नव्हती. बूटही काढले नव्हते तिनं.

५

"तिला सांगूया," मी राजवीरला म्हणालो.

"काय सांगणार? तुमची कुस्ती लागलीया, अन् जोड कोण हाय ते आमाला दिसत न्हाई? आप्पा, तिचा अहवाल अजून जायाचाय. तालमीत भूत हाय म्हणून गावभर झालं तर कोण निधी देणार? हसतील आपल्याला."

"हसू देत."

"हसून थांबत न्हाईत. नोटीस बघा दारावरची."

"राजवीर, कुणाची तरी लेक हाय ती."

 तो खिशातल्या किल्ल्या वाजवत राहिला. त्याचंही चुकत नव्हतं. त्याचा आजा, बाप, दोघं ह्याच मातीत लोळून मोठे झालेले. मी माझ्या मनाला विचारून बघितलं, तालीम गेली तर तुझं काय राहील?  पण तालीम राहिली आणि त्या पोरीला काही झालं, तर सकाळी उठून ती माती मी कोणत्या हातानं खणू?

वरच्या मजल्यावर काहीतरी आपटलं.

मी जिना चढायला लागलो. माझं चढणं म्हणजे पायरीला पायरी. वर पोचलो तेव्हा स्टूल आडवं पडलेलं आणि अनुजा जमिनीवर. नाही, जमिनीवर नव्हती. डोकं टेकलेलं, टाचा टेकलेल्या, आणि मधे सगळं अंग कमानीगत वर उचललेलं. चितपट होऊ नये म्हणून कसलेला मल्ल पाठ अशी वर धरतो. ते यायला वर्षं जातात. जन्मात कुस्ती न खेळलेल्या पोरीला ते कुणी शिकवलं? तिचे हात छातीपुढं कशाला तरी ढकलत होते. तिथं हवा होती नुसती. पाठ आणि फरशी यांच्यामधे वीतभर जागा होती, आणि बघता बघता ती कमी होत होती.

"पोरी!" मी ओरडलो. माझा आवाज कधी चढत नाही, तेव्हा चढला.

ती कुशीवर कोसळली. धापा टाकत बसली. कपाळावरचे केस घामानं चिकटलेले.

"आप्पा," म्हणाली, "मला खाली कोण दाबत होतं?"

राजवीर माझ्या मागं जिन्यात उभा होता. त्यानं ते ऐकलं.

६

मग मी सगळं सांगितलं. पाठ, काठावरची मूठ, पावलं.  सगळं ऐकून ती तळहात उघडून बघत बसली.

"मला वाटलं मलाच काहीतरी व्हायलंय," ती म्हणाली. "काल संध्याकाळी पुण्याला निघाले होते आप्पा. तुम्हाला न सांगता. गाडी किणी टोलनाक्याला आली आणि मान अशी मागं ओढली गेली की श्वास बंद झाला. उतरले. परत कोल्हापूरच्या गाडीत बसले तेव्हा सोडलं."

"माती परत ठेवून बघू?" राजवीरनं विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"ती तपासायला पुण्याला गेली. त्याच दिवशी पाठवली मी."

"आणि तशीबी परत चालत न्हाई," मी म्हणालो.

"मग पाठ टेकली की काय होणार?"

ते मला माहीत नव्हतं. ज्याची पाठ रोज सकाळी एकटीच मातीत उमटत होती त्याचं काय झालं होतं, तेही मला माहीत नव्हतं. कोण होता, कुणाकडून हरला, कशाला पुन्हा उठला, काहीच नाही. मी खाली आलो आणि हौद्याच्या काठावर बसून राहिलो. मला पटकन सुचत नाही. एखादी गोष्ट ओल्या मातीसारखी हातात धरून बसावी लागते, मग ती आकार घेते.

बसल्या बसल्या कुस्तीची मैदानं आठवली. दोन तुल्यबळ गडी भिडलेत, उन्हं उतरलीत, कुणी कुणाला हार जाईना. लोक ओरडून थकलेत. अशा वेळी वस्ताद हौद्यात उतरतो. दोघांच्या मधे उभा राहतो, दोघांचे हात धरतो आणि वर करतो. कुस्ती बरोबरीत सुटली. कुणी हरलं नाही, कुणाची पाठ लागली नाही. दोघंही मानानं घरी जातात, आणि ती जोड तिथं संपते.

आमच्या तालमीला आता वस्ताद नाही. शेवटचा वारला त्यानंतर कुणी झालाच नाही. मी वस्ताद नव्हे. पण त्या मातीला दुसरं विचारणारं तरी कोण होतं?

एक अडचण होती. कुस्ती सोडवायला बघणारी माणसं लागतात. बघणाऱ्याशिवाय निकाल नाही. मी तानाबाईला हाक मारली.

"बाईमाणसानं तालमीत यायचं व्हय? बरं हाय ना तुमाला?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"उंबऱ्यावर बसा नुसतं."

"अन् म्हशी कोण पिळणार? तुमचा मारुती?" असं म्हणत म्हणतच ती दुधाची किटली घेऊन आली. अनुजाकडं बघितलं. पदरानं उंबरा पुसला आणि बसली.

७

उन्हं कलली होती. वरच्या झरोक्यातून एक तिरका पट्टा हौद्यावर पडला होता आणि त्यात धूळ फिरत होती.

अनुजानं बूट काढले. हौद्याला हात लावून तो कपाळाला लावला, तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग उतरली. मी सकाळी माती खणली नव्हती, पावलं तशीच होती. ती चालत गेली आणि तिचे पाय त्या लहान ठशांत बरोबर बसले. तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

मी दोघांच्या मधे जाऊन उभा राहिलो. म्हणजे तिच्या आणि त्या मोठ्या पावलांच्या मधे. डाव्या हातानं तिचं उजवं मनगट धरलं. नाडी पाखरासारखी उडत होती. उजवा हात मी रिकाम्या जागेकडं पसरला, तळवा वर करून.

काही झालं नाही.

रस्त्यावरून रिक्षा गेली. कुणीतरी पोराला हाका मारत होतं. मला वाटलं, आपण एक म्हातारा, एक पोर, मातीत उभी राहून नाटक करतोय, आणि राजवीर दारात बघतोय. लाज वाटली. तरी हात मागं घेतला नाही. थांबणं मला येतं. दुसरं फारसं काही येत नाही, पण थांबणं येतं.

मागं चपलांचा आवाज झाला. राजवीरनं चपला काढून ठेवल्या होत्या आणि तो तानाबाईशेजारी येऊन हात जोडून उभा राहिला होता.

तेव्हा वास आला. तेलाचा, घामाचा आणि खूप दिवस बंद असलेल्या ओल्या मातीचा. समोरून कुणीतरी दमून श्वास घेत होतं. आत घेताना घरघर, सोडताना सुस्कारा. माझ्या तोंडावर तो श्वास लागला, गार.

मी मारुतीच्या कोनाड्याकडं नजर लावली. समोर बघायचं नाही एवढं ठरवलं होतं. मला बघायचं धाडस नव्हतं हेही खरं, पण दमलेल्या माणसाच्या तोंडाकडं टक लावून बघू नये, हेही तितकंच खरं.

माझ्या तळव्यावर काहीतरी टेकलं.

मनगट होतं. माझी बोटं अर्ध्यापर्यंतही पोचत नव्हती, एवढं जाड. गार, ओलं, मातीनं खरखरीत. आत नाडी नव्हती. वजन असं, की माझा खांदा खाली गेला.

मी उचलायला लागलो. अनुजाचा हात वर आला. दुसरा येईना. त्याला सुटायचं नव्हतं. त्याला खेळायचं होतं, शेवटपर्यंत. तो हात मागं ओढला गेला, माझे पाय मातीत घसरले, आणि शेजारी अनुजाची मान एकदम मागं गेली. तिच्या तोंडून आवाज निघाला.

"बास," मी म्हणालो. पोराला झोपवताना बोलतात तसं म्हणालो. "बास, माझ्या राजा. लई खेळलास. कुस्ती बरोबरीत सुटली. तुझी पाठ लागली न्हाई, हिचीबी न्हाई. समद्यांनी बघितलंय."

"बघितलं," मागून तानाबाई म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण मोठा होता.

"बघितलं," राजवीर म्हणाला.

ओढ थांबली. मग तो हात हळूहळू हलका व्हायला लागला. मी वर नेला, छातीपर्यंत, खांद्यापर्यंत. पुढं माझी उंची पुरली नाही. तो हात आपला आपणच वर गेला, माझा हात घेऊन. मी टाचा उचलून उभा राहिलो. एका बाजूला अनुजाचा हात, दुसऱ्या बाजूला तो, आणि मधे मी, लुगडं वाळत घातल्यागत ताणलेला.

किती वेळ, ते सांगता येणार नाही. माझी बोटं मिटली तेव्हा त्यांत काही नव्हतं.

अनुजा मातीत बसली आणि रडली. मग हसली. मग तिनं उजवा हात उघडून मला दाखवला. तळहात स्वच्छ होता, नुसत्या रेघा.

८

अनुजाचा अहवाल गेला. त्यात तिनं भिंत लिहिली, तुळया लिहिल्या, गदा आणि नाल लिहिले, मातीही लिहिली. बाकीचं लिहिलं नाही. राजवीरनं तिला विचारलंसुद्धा नव्हतं. ती आपणहून म्हणाली, "संस्थेच्या कागदात त्याला रकाना नाही."

उन्हाळ्यात निधी मंजूर झाल्याचा फोन आला. राजवीरनं गल्लीत साखर वाटायची सोडून पेढे वाटले, आणि दारावरची नोटीस नखानं खरवडून काढली. आता मागच्या भिंतीला टेकू लागलेत, जुन्या तुळया उतरून नव्या चढताहेत. छपराचं काम चालू असताना हौद्यावर ताडपत्री असते. कामगारांना अनुजानं बजावलंय, मातीवर पाय द्यायचा नाही, आणि दिलाच तर चप्पल काढून. ती महिन्यातून एकदा येते, येताना काजू आणते. जेवायला तानाबाईकडं असते. लॉजवर उतरत नाही.

मी रोज सकाळी ताडपत्री उचलतो. संध्याकाळी फळीनं मारलेल्या रेघा सकाळी जशाच्या तशा असतात. पहिले काही दिवस आधी एक कोपरा उचलून आत बघायचो. आता नाही. मी खोरं घेतो आणि खणायला लागतो.

त्या दिवसाचं मात्र एक सांगायचं राहिलं. अनुजाला राजवीरनं चहा पाजायला नेलं, मी कुलूप लावलं. तानाबाई किटली घेऊन उंबऱ्यापाशीच उभी होती. तिच्या म्हशी गोठ्यात ओरडत होत्या, धार काढायची वेळ टळली होती, तरी ती हलत नव्हती. माझ्याबरोबर माझ्या दारापर्यंत चालत आली. एवढ्या चालण्यात एक चेष्टा नाही, एक टोमणा नाही. मी म्हणालो, "तानाबाई, घाबरलासा व्हय?" तिनं मान हलवली, नाही म्हणून. किटली खाली ठेवली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली,

"तुमी वर बघाय पायजे हुतं आप्पा. हात वर झाल्यावर लेकरागत हसला ओ त्यो."